शहाणपणाची जात आणि आपले साहित्य

१

मराठी परंपरेने आपल्या इतिहासातले शहाणे मोजले, तेव्हा ते साडेतीन भरले. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस अर्धे, कारण त्यांना मुत्सद्देगिरी येत होती, तलवार येत नव्हती. सखारामबापू पुण्याच्या दरबारचे, देवाजीपंत नागपूरकर भोसल्यांचे, विठ्ठल सुंदर निजामाचे. हे एकमेकांविरुद्ध डाव टाकणारे लोक. विठ्ठल सुंदर तर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढताना मारला गेला. पण मोजणाऱ्यांनी कोण कोणाच्या पदरी आहे हे पाहिले नाही, कोणाचा डाव अचूक पडतो एवढेच पाहिले. डाव ओळखणे, वेळ साधणे, माणूस पारखणे, म्हणजे शहाणपण, अशी ही व्याख्या आहे. ती मला मान्य आहे. माझी हरकत मोजदादीला आहे. चारही नावे ब्राह्मणांची आहेत, आणि ज्यांनी मोजली त्यांना बाकीचा महाराष्ट्र शहाणपणाच्या संदर्भात आठवलाच नाही.

त्याच पेशवाईत अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून पुण्यात फिरावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात केली आहे. आपली थुंकी कुठे पडते, आपली पाउले कुठे उमटतात, समोरून कोण येतो आहे, कोठे थांबायचे, कोठे बसायचे, याचा क्षणाक्षणाला हिशोब ठेवून जो माणूस संध्याकाळी जिवंत घरी परतत होता आणि लेकरांच्या तोंडी काहीतरी घालत होता, त्याच्याजवळ व्यवहारबुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? दरबारातल्या मुत्सद्द्याची चूक झाली तर त्याची दिवाणगिरी जाई, फार तर तो कैदेत पडे. या माणसाची चूक झाली तर साऱ्या वाड्याची होळी होई. ज्याला चुकण्याची मुभाच नाही त्याची बुद्धी किती सावध असली पाहिजे! पण मराठी भाषेने त्या सावधपणाला कधी शहाणपण म्हटले नाही.

भाषेकडे नीट पाहा. गुण एकच आहे, पण जातीच्या उतरंडीवरून खाली येताना त्याचे नाव बदलत जाते. दरबारात तो मुत्सद्दीपणा असतो. पेढीवर तो धोरणीपणा होतो. कुणब्याच्या बांधावर आला की बेरकीपणा, आणि गावकुसाबाहेर गेला की लबाडी. पाल ठोकून राहणाऱ्याकडे तोच गुण असेल तर सरळ चोरी. महारवाड्यातल्या पोराने पाटलाला दोन शब्द समजुतीने विचारले तर उत्तर येते, 'लई शहाणा झालास व्हय?' इथे 'शहाणा' ही शिवी आहे. एकाला पदवी म्हणून दिलेला शब्द दुसऱ्याला शिवी म्हणून दिला जातो. भाषा निरागस असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा एक शब्द घेऊन गावाच्या वेशीतून आत-बाहेर करून पाहावे.

२

आता साहित्याकडे येऊ. द. मा. मिरासदारांच्या कथेतला इरसाल गावकरी मराठी वाचकाला फार आवडतो. तो थापा मारतो, समोरच्याला गंडवतो आणि वाचक खळखळून हसतो. हे हसणे स्वस्त असते, कारण त्या इरसालपणावर कोणाचे पोट अवलंबून नसते. फसवणूक उघडी पडली तरी पारावर दोन दिवस चेष्टा होईल, एवढेच. शहाणपणाची जी धार उपासमारीतून येते ती या कथांना नको होती. ती आली तर हसता आले नसते.

ती धार आली १९६० नंतर आणि विशेषतः आत्मकथनांतून. 'बलुतं' १९७८ साली आले, 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, 'उपरा' १९८० साली, मग 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं', 'उचल्या'. या पुस्तकांचे प्रस्थापित समीक्षेने स्वागत केले हे खरे. पण ते कोणत्या शब्दांत केले? 'दाहक अनुभव', 'जिवंत वेदना', 'अंगावर काटा आणणारे वास्तव'. एका चर्चासत्रात एक विद्वान प्राध्यापक म्हणाले, की या लेखनात अनुभव आहे पण चिंतन नाही. सभागृहाने माना डोलावल्या. मला त्या वाक्यात साडेतीन शहाण्यांची मोजदाद पुन्हा ऐकू आली. दुःख तुमचे, विचार आमचा, अशी ती वाटणी आहे. दलिताला सोसण्याचा अधिकार दिला, समजण्याचा दिला नाही.

हे विधान किती पोकळ आहे ते पाहण्यासाठी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) उघडावे. महारवाड्यातल्या बाया रानातून लाकडाची मोळी आणतात आणि ब्राह्मण आळीत विकायला नेतात. काडीला केस किंवा लुगड्याचा धागा अडकलेला असला तर विटाळ होईल, म्हणून मोळीतली काडी न् काडी तपासून द्यावी लागते. समीक्षक इथे अपमान पाहतो, आणि तो आहेच. पण बेबीताई त्या व्यवहाराची सगळी यंत्रणाच आपल्यापुढे मांडतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या बाईच्या हाताने तोडलेले, डोक्यावरून वाहिलेले लाकूड चालते, तिचा केस चालत नाही. ज्या विटाळाच्या धाकाने तिला दूर उभे केले जाते, तोच विटाळ तिच्याकडून फुकटची मेहनत काढून घेतो. केस आणि धागा या दोन क्षुल्लक वस्तूंवरून जातीचे अर्थशास्त्र उलगडून दाखवणे, हे चिंतन नव्हे तर काय आहे? फक्त ते परिभाषेत केलेले नाही.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) तर शहाणपणाचे रीतसर प्रशिक्षणच आहे. खिसा कसा मारायचा, गर्दीत कोण गाफील आहे हे कसे ओळखायचे, आणि पकडले गेल्यावर मार कसा सोसायचा, याची तालीम लेकराला घरातच दिली जाते. मार सोसण्याची तालीम म्हणजे घरच्यांनीच आधी मारणे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच चोर ठरवले, आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही, त्यांच्यापुढे शहाणपणाला दुसरी वाट कोणती ठेवली होती? काम मागितले तर जात विचारणार, जात सांगितली तर काम देणार नाहीत. त्या बंद खोलीत बुद्धी जिथे फट सापडेल तिथून बाहेर पडते. गायकवाड या कसबाचे कौतुक करीत नाहीत आणि त्याची लाजही बाळगत नाहीत. हातांत एवढी चपळाई असताना ती कशावर खर्च झाली, हा प्रश्न ते वाचकाच्या समोर ठेवतात.

बाबूराव बागुलांनी हा प्रश्न त्याही आधी, 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत उभा केला होता. कथेचा निवेदक रेल्वेत नोकरीला लागतो, परमुलखात जातो, आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात सांगत नाही. कोणत्याही व्यवहारी माणसाने हेच केले असते. त्याच्याच जातीचा काशिनाथ मात्र जात लपवत नाही आणि त्यापायी रोज भांडण ओढवून घेतो. व्यवहाराच्या तराजूत निवेदक शहाणा आणि काशिनाथ अडाणी. पण कथा जसजशी पुढे जाते तसतसे त्या शहाणपणाचे ओझे वाढत जाते. प्रत्येक घास, प्रत्येक कौतुक चोरलेले वाटू लागते. शेवटी जात उघडी पडते, मार बसतो, आणि वाचवायला धावून येतो तो काशिनाथच. बागुल निवेदकाला दोषी ठरवत नाहीत. चोरी कोणी करायला लावली हे शीर्षकातच आहे. पण एकट्यापुरते साधलेले शहाणपण संकटात एकट्यालाच गाठते, हे त्यांनी कोणताही उपदेश न करता दाखवले आहे. माझ्या मते मराठीत व्यवहारबुद्धीची इतकी कठोर चिकित्सा दुसऱ्या कथेने केलेली नाही.

३

इथून मी मूळ मुद्द्याकडे येतो. हिशोब आणि तारतम्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोब विचारतो, या व्यवहारात मला किती मिळाले आणि किती गेले. तारतम्य त्याच्या एक पाऊल मागे जाऊन विचारते, हा व्यवहार ठरवला कोणी, आणि मी त्यात का उभा आहे?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी एक हकिकत सांगितली आहे. महारांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले, तेव्हा 'केसरी'तून पत्रे येऊ लागली. गावात वर्षाला अमुक ढोरे मरतात, त्यांची कातडी, शिंगे, खुरे, हाडे विकून पाचशे रुपये मिळतात, आणि आंबेडकर आपल्या लोकांना या उत्पन्नाला मुकवत आहेत, असा त्या पत्रांचा रोख होता. यावर बाबासाहेबांचे उत्तर साधे होते. इतका फायदा असेल तर ते काम तुम्ही करा. तुमचे पाचशे तुम्हाला मिळतीलच, वर आणखी पाचशे मी देतो.

या उत्तराला लोक हजरजबाबीपणा समजतात. मला ते त्याहून मोठे वाटते. पाचशे रुपयांचा आकडा खोटा आहे असे बाबासाहेब म्हणत नाहीत. तो हिशोब बरोबर असेलही. भुकेल्या घरात पाचशे रुपये म्हणजे थोडी रक्कम नव्हे. त्यांनी फक्त तो हिशोब उचलून ज्याने केला त्याच्याच दारात ठेवला, आणि त्याबरोबर त्याचा खरा अर्थ उघडा पडला. ज्या धंद्यात एवढी प्राप्ती आहे तो सांगणारा स्वतः का करत नाही? कारण त्या पाचशे रुपयांच्या बदल्यात काय द्यावे लागते हे त्याला पक्के ठाऊक आहे. दुसऱ्याच्या हिताचा हिशोब जो मोठ्या कळकळीने मांडतो, त्याची वही आधी तपासावी, हे व्यवहारज्ञानाचे पहिले सूत्र आहे.

महार वतनाचेही तेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनदुरुस्तीचे विधेयक आणले. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा, बलुत्याची भाकर, गावात हक्काची जागा. ते सोडा म्हणणे हे वरवर पाहता वेडेपणाचे होते, आणि आपल्यातल्याही पुष्कळांना ते तसे वाटले. पण त्या तुकड्याच्या मोबदल्यात सरकार आणि गाव दोघेही रात्री-अपरात्री केव्हाही राबवून घेत होते. वतन ही दिसायला मिळकत होती, प्रत्यक्षात ते दावे होते. ते कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडावे लागले.

या निर्णयांमागे एका माणसाची बुद्धी होती, पण ते अमलात आणले खेड्यापाड्यांतल्या हजारो अडाणी म्हटल्या गेलेल्या बायामाणसांनी. 'जिणं आमुचं'मध्ये मेलेल्या जनावराचे मांस सोडा, पोरांना शाळेत घाला, हा संदेश वाड्यात येतो तेव्हा जुनी माणसे कचरतात आणि बाया पुढे होतात. ज्या बाईला रात्री चुलीवर काय शिजवायचे हे ठरवायचे आहे, तीच म्हणते की हे मांस नको. उद्याच्या भाकरीची सोय नसताना परवाच्या पिढीचा विचार करणारी ही बाई मला साडेतीन शहाण्यांच्या यादीपेक्षा मोठी वाटते.

४

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी एक म्हण आहे. ज्यांचे तंटे चावडीवर त्यांच्या मर्जीप्रमाणे मिटतात त्यांना ही म्हण शोभते. ज्याला चावडीवर चढूच देत नाहीत त्याने कोठे जावे? महाडचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. तिथे घोषणा आणि स्फूर्ती होतीच, पण पावलोपावली नेमका निर्णयही होता, आणि आपल्या कवितेने स्फूर्ती घेतली, निर्णय सोडून दिला.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला होता आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले होते. म्हणजे २० मार्च १९२७ ला लोक तळ्यावर गेले ते कागदावर असलेला हक्क बजावायला. कायदा मोडल्याचा ठपका आपल्यावर येणार नाही अशी जागा निवडून पहिले पाऊल टाकले गेले. त्याच परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, हेही लक्षात ठेवावे. पुढे सवर्णांनी हल्ला केला, माणसे रक्तबंबाळ झाली. शहरात आपली माणसे मोठ्या संख्येने होती, त्यांत लष्करातून आलेलेही होते, आणि हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्या दिवशी महाडात दंगल पेटली असती तर दुसऱ्या दिवशी पाण्याचा प्रश्न मागे पडून दंगलीचा प्रश्न उभा राहिला असता. आवरल्यामुळे हल्लेखोर हे हल्लेखोरच राहिले, आणि त्यांच्यातल्या काहींना पुढे शिक्षा झाली.

डिसेंबरचा प्रसंग त्याहून अवघड होता. सवर्णांनी मंडपाला जागा मिळू दिली नाही, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने जागा दिली. महाडचे दुकानदार काही विकणार नाहीत हे गृहीत धरून शिधा बाहेरून आणला गेला. सारी तयारी झाली, आणि १४ डिसेंबर १९२७ ला दिवाणी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने जमलेली. अशा सभेपुढे उभे राहून 'आज तळ्यावर जायचे नाही' म्हणायला किती धैर्य लागत असेल! लढा सवर्णांशी आहे, तो सरकारशी करून देऊन सवर्णांना बाजूला होऊ द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार होता. पण सभा रिकाम्या हाताने परतली असेही झाले नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले होते. कोर्टाची मनाई तळ्याला होती, मनूला नव्हती. शेवटी तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून लोक परतले.

मग कोर्टात लढा चालला. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई उठली, १९३१ साली महाडच्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. दहा वर्षे. ज्या म्हणीने आपल्याला कोर्टापासून दूर ठेवायचे होते, तीच म्हण विसरून सवर्ण स्वतः पायरी चढले होते, आणि 'अनादी' या शब्दाचा पुरावा देता देता हरले.

नाशिकचे उदाहरण याच्या जोडीला ठेवावे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. १९३४ साली बाबासाहेबांनी भाऊराव गायकवाडांना पत्राने कळवले, की तो पुन्हा सुरू करू नये, शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी. चार वर्षे माणसांनी मार खाल्लेला लढा थांबवणे सोपे नसते. आपण खर्च केलेल्या श्रमांची माया सुटत नाही, म्हणून पुष्कळ चळवळी आपल्याच खड्ड्यात बसतात. कोठे चिकटून राहायचे आणि कोठून उठायचे हे कळणे, यालाच मी तारतम्य म्हणतो. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एकवीस वर्षे हा माणूस धर्म तपासत होता. उतावळेपणाचा आरोप करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

५

हे सगळे आज सांगायची गरज का पडली? कारण आपल्या चळवळीत 'जरा प्रॅक्टिकल व्हा' हे वाक्य परवलीचे झाले आहे. ज्याला जायचे आहे तो हे वाक्य बोलून जातो. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांत फुटला, आणि एकाला दुरुस्त, दुसऱ्याला नादुरुस्त अशी नावे पडली. शिकलेल्या वकिलांना धोतर नेसणाऱ्या दादासाहेब गायकवाडांचे राजकारण अडाणी वाटत होते. पण १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखांवर माणसे तुरुंगात गेली ती याच दादासाहेबांच्या हाकेने. रोटीचा प्रश्न जमिनीत आहे हे ज्याला कळले तो व्यवहारी, की घटनेतल्या कलमांवर वाद घालून एकमेकांपासून वेगळे झालेले? पुढच्या प्रत्येक फुटीच्या वेळी, प्रत्येक युतीच्या वेळी, हेच व्यवहाराचे नाव पुढे केले गेले.

व्यवहाराला माझा विरोध नाही. तडजोडी बाबासाहेबांनीही केल्या. परीक्षा एकच आहे, तडजोडीतून जे मिळाले ते वाड्यात किती घरांपर्यंत गेले? एकट्याच्या पदरात पडले तर ती चलाखी. फार तर हुशारी म्हणा, शहाणपण म्हणू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रज्ञा एकटी येत नाही. तिच्याबरोबर शील आणि करुणा आहेत. शील नसलेली प्रज्ञा धूर्तपणा होते, आणि धूर्तपणात पेशवाईचे मुत्सद्दी आपल्यापेक्षा केव्हाही वरचढ ठरतील. त्या आखाड्यात उतरून आपण काय कमावणार?

उलट बाजूचाही एक धोका आहे, आणि तो आपल्या साहित्यात आहे. आपले नायक एक तर जळून उठणारे बंडखोर असतात, नाही तर सोसणारे बळी. मधला माणूस आपण लिहीत नाही. अण्णा भाऊ साठे यांचा 'फकिरा' (१९५९) आपण तलवारीसाठी वाचतो. पण दुष्काळात आपली माणसे मरू लागल्यावर आधी धान्य, असे ठरवणारा फकिरा, आणि आपली माणसे ओलीस धरल्यावर स्वतः स्वाधीन होणारा फकिरा, या दोन निर्णयांवर कोणी फारसे लिहिले नाही. पहिल्यात त्याने कायदा मोडला, दुसऱ्यात तो कायद्याच्या हाती गेला. दोन्ही वेळी मोजमाप तेच होते, आपली माणसे जगली पाहिजेत. शौर्य त्याच्याजवळ होतेच, त्याला दिशा या मोजमापाने दिली.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम देतो. घरी जाऊन आईला, आजीला विचारा, तुझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय कोणता? दुःख विचारू नका, निर्णय विचारा. पहिल्यांदा त्या म्हणतात, आम्ही कसले निर्णय घेणार! मग थोड्या वेळाने बोलू लागतात. कोणी सावकाराकडे कोणते भांडे गहाण ठेवायचे आणि कोणते नाही ते सांगते. कोणी सांगते, दोन पोरांपैकी कोणाला शाळेत ठेवायचे आणि कोणाला कामाला लावायचे हे कसे ठरवले, आणि ज्याला कामाला लावले त्याच्यापुढे आजही मान वर होत नाही ती का. कोणी मालकाच्या वाड्यावर कोणत्या वेळी मुळीच जायचे नाही, आणि पोरींना ते न सांगता कसे शिकवायचे, ते सांगते. या वह्यांत जे जमा झाले आहे ते वाचताना मला नेहमी वाटते, की आपली आत्मकथने अजून अर्धीच लिहून झाली आहेत. काय भोगले ते आले. कसे निभावले, कोणत्या दोन वाटांतून कोणती निवडली आणि तिची किंमत कोणी दिली, हे यायचे आहे.

आपल्या लेखकांनी हे काम हाती घ्यावे, आणि समीक्षकांनी अशा मजकुराला 'अनुभव' म्हणून बाजूला न सारता त्यातला विचार उलगडून दाखवावा. त्यासाठी परिभाषा लागेल, ती पुण्याच्या दरबारातून येणार नाही. मोळी तपासणाऱ्या बाईच्या बोलीतून ती शोधावी लागेल. साडेतीनांची यादी ज्यांनी केली त्यांनी ती सांभाळावी. आपल्याला आपली मोजदाद नव्याने करायची आहे, आणि त्या कामाला अजून पुरेशी माणसे लागलेली नाहीत.